डबलचे दात

१९ जानेवारी, रविवार

जावई आले होते. नागसेन. चिखलीहून मोटरसायकलवर, एकटेच. मला वाटलं दीपमालाची काही खबर. पोरगी पहिलटकरीण, सहावा सरत आलाय, जीव दचकतोच. पण ते वेगळंच बोलायला आले होते. चहा अर्धा ठेवला, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "बाबा, राग मानू नका. लेकरू जन्माले येणार त्या घरात असा वास? कुत्र्याच्या तोंडाले उंदीर मेल्यावानी वास येते. काहीतरी करा, नाहीतं दीपूले मी बाळंतपणाले इकडं धाडत नाही."

दुसरा कोणी असता तर वहाणेनं बोललो असतो. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, कोणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. पण जावई पडले. आणि खोटं बोलले असंही नाही. वास आहे. दिवाळीपासून आहे. आत आलं की नाकाला झोंबतो. डबल नऊ वर्षांचा झाला, डेपोत सापडलेलं पिल्लू. दोनदाच भुंकतं म्हणून नाव डबल, कंडक्टरनं गाडी सोडायला मारायची ती डबल घंटी. ते काय जाणूनबुजून घाण करतं?

सोळा मार्चला दीपमाला येणार. तोवर वास गेला तर ठीक, नाहीतर डबलला बीबी गावाला, ओळखीच्या उकंडरावांच्या शेतात सोडायचं. रानडुकरांनी त्यांचे तीन कुत्रे फाडले, त्यांना चौथा हवाच आहे. मी जावयांना शब्द देऊन बसलो.

बायको, सिंधू, चुलीजवळ पदर तोंडाला लावून नुसती ऐकत होती. हीच एरवी डबलसाठी माझ्याशी भांडते.

२० जानेवारी

जनावरांच्या दवाखान्यात नेलं. रुपाली मॅडम म्हणून नवीन डॉक्टर आहेत, पोरसवदा पण धीट. डबलचा ओठ वर केला आणि मलाच झापलं. "काका, नऊ वर्षांत एकदा तरी आत पाहिलं का?" मी म्हटलं, कुत्र्याच्या तोंडात कोण पाहतं बाई! दाढांवर पिवळंकाळं कीटण, हिरड्या लाल. म्हणाल्या, जास्त झालं तर भूल देऊन काढावं लागेल, आधी दोन महिने घरी घासून पाहा.

सांगितलं ते लिहून ठेवतो. माणसाची पेस्ट लावायची नाही, कुत्र्याला थुंकता येत नाही, पोटात जाते. त्याची वेगळी पेस्ट असते, ती त्यांनी दिली. पहिले काही दिवस नुसती बोटानं चाटवायची. मग बोटाला स्वच्छ सुती फडकं गुंडाळून पुढचे दात. मग हळूहळू मागं. बाहेरची बाजूच घासायची, आतली त्याची जीभ घासते. शिजलेलं हाडूक बंद, दात तुटतो. रोज करायचं. आणि वही ठेवायची, काय खाल्लं, किती खाल्लं, वास कसा. वही ठेवणं मला नवीन नाही. आयुष्यभर ट्रिपशीट भरली.

२१ जानेवारी

पेस्ट चाटवली. डबलनं बोट चावलं. रक्त नाही. वास: आहे.

२५ जानेवारी

आज पुढचे चार दात जमले. सिंधू त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसते, मी घासतो. मी जोरात बोललो की तो तोंड मिटतो. सिंधू म्हणाली, "तुम्ही वरडू नका ना, घाबरते तो. घाबरलं की तोंड कोणी उघडते का?" ती त्याच्या कानात काहीतरी पुटपुटत असते. लाड नुसते.

मग म्हणाली, "गालाच्या आतून पाहा बरं. पांढरं काही हाय का?"

"कुत्र्याच्या गालात काय राहणार? दात पाहाले सांगतले, दात पाहून राह्यलो."

"तसं नाई. मॅडमले इचारा, तोंडात जखम झाली तं आपोआप भरते का म्हणून."

मी म्हटलं, तुझं तू पाहा, भाकरी टाक. 

खाणं: डबलनं दीड भाकर खाल्ली. एक त्याची, अर्धी सिंधूच्या ताटातली. हिचं हल्ली असंच. भाकर वरणात कुस्करते, दोन घास खाते आणि बाकी याच्यापुढं. ठेचा तर ताटात घेतच नाही. मी विचारलं तर म्हणे पित्त झालंय. 

३० जानेवारी

डबलचं वजन वाढतंय. मॅडम म्हणाल्या, काका, जास्त चारू नका. घरी येऊन सिंधूला सुनावलं. तिनं मान हलवली.

वास: आहेच. दात मात्र पुढचे पांढरे दिसायला लागले, बाप्पा! मला हसू आलं. माझे स्वतःचे सहा गेलेत.

२ फेब्रुवारी, रविवार

पेस्ट संपली. मॅडम रजेवर, मेहकरला जायचा कंटाळा. म्हटलं एक दिवस खाडा कशाला? सिंधूची मिसरीची डबी कोनाड्यात होती. माझी आई मिसरीनंच दात घासायची, सासूही, ही तर लग्न होऊन आली तेव्हापासून, सकाळ-संध्याकाळ, तव्यावर तंबाखू जाळून घरीच कुटते. त्या काळ्या पुडीनं दात लोखंडासारखे राहतात असं सगळं गाव म्हणतं. जी पूड बाईमाणसाला चालते ती कुत्र्याला काऊन चालणार नाही?

सिंधू धावत आली. "नका लावू! आग होते त्यानं."

"चौतीस वर्षं तुले आग झाली नाही अन् आज झाली?"

मी चांगली चिमूटभर घेऊन हिरड्यांवर चोळली.

३ फेब्रुवारी

काल लिहून होत नाही तोच डबलच्या तोंडातून फेस. मग उलट्या, अंग थडथड उडायला लागलं, पाय लटपटले. मोटरसायकलवर मागं सिंधू त्याला पोटाशी धरून, तसं मॅडमच्या घरी नेलं. रजेवर असून उठल्या बिचाऱ्या. सलाईन लावली. वाचला.

मग माझी जी खरडपट्टी काढली! "काका, तंबाखू विष आहे विष! गिळलं त्यानं. घरात आहे कशाला ती?" मी म्हटलं, बायको लावते. त्यांनी सिंधूकडं पाहिलं. सिंधूनं पदर ओढला. मॅडम म्हणाल्या, "काकू, तुम्ही एकदा तोंड दाखवून घ्या. सरकारी दवाखान्यात, माणसांच्या डॉक्टरला."

मला राग आला. जनावरांच्या डॉक्टरनं जनावरं पाहावीत. पण कुत्रं वाचवलं होतं, म्हणून बोललो नाही.

घरी आल्यावर सिंधूनं डबी उचलली आणि मिसरी मोरीत ओतून दिली. सगळी. मी म्हटलं, आता कुत्र्यासाठी तू पण सोडणार का? ती म्हणाली, "लय उशीर झाला सोडाले." माझ्यावर राग धरून बसली असणार. धरू दे. चूक माझीच होती, मी कबूल करतो. निदान या वहीत तरी.

१२ फेब्रुवारी, पौर्णिमा

विहारात वंदनेला गेलो. सिंधूचा उपोसथ, दुपारनंतर काही खाणार नाही म्हणाली. मी म्हटलं, पौर्णिमा महिन्याला एकदा येते, तुझ्या घरी आठवड्यात तीनदा काऊन येते? गुरुवारीही जेवली नाही, परवाही नाही. म्हणाली, पोरगी सुखरूप मोकळी व्हावी म्हणून.

विहारात ती बायांत बसली नाही. मागं दाराजवळ एकटी बसली. वंदनेला ओठ हलत होते, आवाज नव्हता. जुनं नऊवारी काढलंय कुठून तरी, अंगावर दोन वेटोळे जास्त येताहेत.

डबल: दोन भाकरी. मागच्या दाढा घासल्या. स्वतःहून तोंड उघडतो आता. वास: आहे.

१८ फेब्रुवारी

तीन दिवस प्रयोग केला. डबलला बाहेर खांबाला बांधलं, आत एकदाही घेतलं नाही. घर फिनाईलनं पुसलं. तरी वास! मग मला वाटलं कुत्र्याचा नाहीच, उंदीर मेला असेल. कोठ्या सरकवल्या, पत्र्याखालची लाकडं काढली, मोरी खोदली. हातभर गाळ निघाला, उंदीर नाही. घामानं निथळून मी अंगणात बसलो तर सिंधू पाणी घेऊन आली. पेला हातात न देता लांब ओट्यावर ठेवला.

"काऊन व, मी का परका हाओ?"

"घामेजले तुम्ही," म्हणाली, आणि गेली.

आतली गादी, उशा उन्हात टाकल्या. तिच्या उशीला वास जास्त आहे. डबल तिच्या उशाशी झोपतो म्हणून. उशी धुवायला सांगितली.

२६ फेब्रुवारी

मॅडमनी तपासलं. ओठ वर, जीभ बाजूला, टॉर्च मारून. म्हणाल्या, "काका, शाबास! नव्वद टक्के कीटण गेलं, हिरड्या गुलाबी झाल्या. मी इतक्या लोकांना सांगते, कोणी करत नाही. तोंडाला काही वास नाही याच्या."

मी म्हटलं, नाही कसा, घरात थांबवत नाही मॅडम.

त्या वाकल्या, डबलच्या तोंडाला अगदी नाक लावलं. "नाही काका. मग तो वास दुसऱ्या कशाचा तरी आहे."

येताना रस्ताभर डोकं फिरलं. इतकी शिकलेली बाई, तिला नाक नाही? की सरकारी काम म्हणून टाळलं? कुत्र्याचा नाही, उंदराचा नाही, मोरीचा नाही, मग काय भूताचा आहे?

सिंधूला सांगितलं. ती भांडी घासत होती, हात थांबले. "मॅडम काय म्हणल्या? दुसऱ्या कशाचा?" दोनदा विचारलं. 

४ मार्च

जावयांचा फोन. सोळा तारीख पक्की. "वास गेला ना बाबा?" मी म्हटलं, जातो. म्हणजे कुत्राच जातो. तसाच उकंडरावांना फोन लावला, शुक्रवारी पिकअप घेऊन या म्हटलं.

फार वाईट वाटतंय. दीड महिना त्याच्या तोंडात बोटं घालून बसलो, एकेक दात ओळखीचा झाला. डावीकडची वरची मोठी दाढ चिरली आहे थोडी. बीबीला कोण घासणार त्याचे दात? डुक्कर काय दात पाहून सोडणार आहे? पण पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं नाही, तर मग मी बाप कशाचा!

सिंधू दिवसभर डबलला मांडीवर घेऊन बसली. रडत होती. मी ओरडलो, "रडू नको, मले काय हौस हाय?" 

७ मार्च, शुक्रवार

उकंडराव सकाळी आठला आले. पिकअप दारात. गडी दिलाचा चांगला, चहा घेतला, डबलच्या पाठीवरून हात फिरवला, "हे तं म्हातारं झालं कचरूभाऊ, बरं, राहीन एका कोपऱ्यात," म्हणाले. मी साखळी सोडली. डबल उडी मारून पिकअपमध्ये चढला, त्याला वाटलं फिरायला नेताहेत.

सिंधू दारातून आली आणि पिकअपचा फाळका धरून उभी राहिली.

"नका नेऊ त्याले."

"अवं, ठरलं ना आपलं? सोड."

"त्याच्या तोंडाचा वास नाई तो."

"मग कोणाच्या?"

तिनं उकंडरावांकडं पाहिलं. ते समजदार, विडी ओढायच्या निमित्तानं वडापर्यंत गेले. मग सिंधूनं तोंडावरचा पदर काढला. 

"माह्या," म्हणाली.

मी एकदम हसलो. खरंच हसलो, लिहायला लाज वाटते. मग ती बोलली त्याबरोबर वास आला. तोच. समोरासमोर, दोन हातांवरून. 

मी तिला आत नेलं. डबलचे दात पाहायचा टॉर्च घेतला. म्हटलं, तोंड उघड. दोन बोटं जातील एवढंच उघडलं, पुढं जबडाच हलेना. कुत्र्याचा ओठ धरून वर करायची हाताला सवय झाली आहे, तसाच तिचा गाल धरून बाजूला केला. आतून डाव्या गालाला रुपयापेक्षा मोठी जखम, कडा वर आलेल्या, मध्ये पांढरं, लाल, मांस सडल्यासारखं. ती मिसरी धरून ठेवायची, तीच जागा. बोट लागलं तर ओरडली नाही, डोळ्यांतून पाणी आलं नुसतं.

"कधीपासून?"

"पोळ्याच्या टायमाले फोड आला होता. दिवाळीत फुटला."

"अन् मले सांगतलं काऊन नाई?"

"तुम्ही वरडले असते."

मी खरंच ओरडणार होतो. तोंड उघडलं होतं मी.

मग म्हणाली, "दीपूचं होऊन जाऊ द्या म्हटलं, मंग पाहू. तेवढ्यात जावई कुत्र्यावर बोलले. कुत्र्यावर चाललं तं जाऊ देलं मी. रोज त्याच्या कानात माफी मागत होती. पण आता तुम्ही त्याले डुकरापुढं टाकून राह्यले. माह्या पापानं मुकं जनावर मेलं तं मले मराले जागा राहणार नाई."

उकंडरावांना काय सांगितलं आठवत नाही. पिकअप गेली. डबल घरात आहे.

८ मार्च

दात घासले नाहीत. काही केलं नाही.

१० मार्च

अकोल्याचा दवाखाना. सकाळच्या गाडीनं गेलो. कंडक्टर ओळखीचा निघाला, त्यानं पुढची सीट दिली. मागचा माणूस नाक धरून उठला आणि मागं जाऊन उभा राहिला. सिंधू खिडकीबाहेर पाहत होती.

डॉक्टरांनी तोंड पाहिलं, मान दाबून पाहिली. एकेक विचारायला लागले. तिखट कधीपासून खात नाही? जेवण कधी कमी झालं? वास कधीपासून? तोंड उघडायचं कधी कमी झालं? वजन? सिंधू नुसती माझ्याकडं पाहते. मी म्हटलं, साहेब, मला काही माहीत नाही, हिनं लपवून ठेवलं. 

मग आठवलं, पिशवीत वही होती. काढली आणि वाचून दाखवायला लागलो. पंचवीस जानेवारी, भाकर वरणात कुस्करते, दोन घास, ठेचा बंद. दोन फेब्रुवारी, मिसरीनं आग होते म्हणाली. बारा फेब्रुवारी, आठवड्यात तीनदा उपास, लुगडं सैल. अठरा, उशीला वास. डॉक्टर लिहून घेत होते. मान वर न करता म्हणाले, "काका, तारीखवार एवढं लिहून ठेवलं तुम्ही, मग यांना आणलं का नाही?"

मी म्हटलं, "साहेब, ही कुत्र्याची वही आहे."

डॉक्टरांनी गालातला तुकडा काढून तपासायला पाठवला. 

१४ मार्च

रिपोर्ट आला. कॅन्सर. मानेतल्या गाठींत उतरलाय, जबड्याच्या हाडात गेलाय. ऑपरेशनची वेळ गेली म्हणाले. चोवीस तारखेपासून मशीनचा शेक द्यायचा, दुखणं कमी राहील. मी विचारलं, जानेवारीत आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, आता तो हिशेब करू नका. म्हणजे मला उत्तर मिळालं.

तीन फेब्रुवारीला ती जनावरांची डॉक्टर पोरगी तोंडावर म्हणाली होती, काकूंचं तोंड दाखवा. मला राग आला होता. वहीत लिहिलंय मीच, माझ्याच अक्षरात. स्वतःला जोड्यानं मारावंसं वाटतं. मारून तरी काय?

सिंधूनं बसस्टॅंडवरच माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. "दीपूले कळलं नाई पाहिजे. पहिलटकरीण हाय, धसका घेईन. लेकरू हातात येऊ द्या, मंग सांगा. दाढेचा इलाज चालू हाय म्हणा." मी नाही म्हणत होतो. ती हात सोडेना. पोरं-सोरं पाहत होती. मी हो म्हटलं.

१६ मार्च, रविवार

दीपमाला आली. पोट चांगलं मोठं दिसतंय, चेहऱ्यावर तेज आहे. आईच्या गळ्यात पडायला गेली तर सिंधूनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायच्या निमित्तानं तिला लांबच उभं केलं. मग पदर लावून चुलीकडं गेली.

दीपमाला खाटेवर बसली, पाणी प्यायली. डबल धावत आला, तिच्या पायाला अंग घासलं. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि नाक मुरडलं.

"बाबा, दोन महिने दात घासले म्हणता अन् वास तं अजून तसाच येऊन राह्यला. याचाच ना?"

चुलीजवळ सिंधूचा हात भाकरीवर थांबला. माझ्याकडं पाहत होती.

मी म्हटलं, "हो माय, याचाच. म्हातारा झाला तो. किती घासा, जात नाही."

"मग बाहेर बांधा ना त्याले."

मी उठलो. डबलचा पट्टा धरून बाहेर नेला, ओट्याच्या खांबाशी बांधायला खाली वाकलो. त्याला वाटलं, दात घासायची वेळ झाली. समोर बसला आणि माझ्याकडं पाहत तोंड उघडून थांबला.